सुंदरअक्कांनी तीर्थ चाखलं

उशीला रक्त फुटलं आणि आमच्या धरणगावच्या गल्लीने एकदम हात जोडले.

पापडांचे दिवस होते. सुंदरअक्कांच्या ओट्यावर खाटा टाकून पापड वाळत होते आणि त्यांच्यामध्ये बसले होते धुळ्याहून आलेले उशीवाले महाराज. पिवळी उशी, पिवळं उपरणं. हातातल्या तांब्यातलं पाणी त्यांनी उशीवर शिंपडलं आणि पिवळ्यावर लालभडक डाग उमटले.

"देखा? डाकिणीचं रक्त!" महाराज गरजले. "ही उशी लेकराच्या डोक्याखाली द्या. लेकरू पालथं झोपवा, तोंड उशीत लपवा, वरून गोधडी घाला. डाकीण येईल, चेहरा शोधेल, चेहराच नाही! आल्या पावली परत!"

मी समोरच राहतो. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. गप्प बसणं मला जमत नाही.

"महाराज, बंद दारातून आत शिरणाऱ्या डाकिणीला लेकरू उलटं करून बघता येत नाही?"

"योगेंद्र, तू चूप बैस!" सुंदरअक्का कडाडल्या. "तुले मोटार कळस, देव नही कळस."

गल्ली हसली, पण त्या हसण्याखाली भीती होती. गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्याच छगनचं तान्हं लेकरू झोपेतच गेलं. दोष आईचा नव्हता, बापाचा नव्हता, पण गल्लीला उत्तर हवं होतं. ते उत्तर हा माणूस उशीत भरून विकत होता.

सुंदरअक्कांचा नातू दोन महिन्यांचा. त्यांची सून ज्योती त्याला छातीशी धरून दारात उभी होती.

"आई, दवाखान्यात सांगितलंय, पाठीवरच झोपवायचं. उशी द्यायचीच नाही."

"दवाखानावालासनी डाकीण देखेल शे का?" अक्कांनी हात पुढे केले. "आण त्याले आठे."

ज्योती हलली नाही. तिचे डोळे भरले. अक्कांनी उठून लेकरू ओढून घेतलं आणि उशीजवळ नेलं. मी ओट्यावर चढलो, तर महाराजांच्या दोन चेल्यांनी मला धरलं.

"शेवटचं तीर्थ!" महाराजांनी तांब्या उचलला. "हे प्यायचं नाही, माई. हे डाकिणीसाठी आहे."

पण तीर्थ म्हटलं की आमच्या बायांचा उजवा हात आपोआप पुढे होतो. अक्कांनी लेकरू डाव्या खांद्यावर घेतलं, तळहात पसरला, थेंब झेलले, जिभेला लावले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. अर्ध्यावर हात थांबला. त्यांनी तळहात पुन्हा चाटला.

"हाई ते पापडखार शे!"

"काय?" महाराज म्हणाले.

"पापडखार! मनी जिभ चुकाव नही. सारी जिंदगी पापड लाटामा गयी." त्यांनी लेकरू ज्योतीच्या हातात दिलं, घरातून पापडखाराचा डबा आणला, चिमूटभर पाण्यात कालवला आणि ते पाणी महाराजांच्या पिवळ्या उपरण्यावर भिरकावलं.

उपरणं लाल झालं.

"वं माय!" मागून शेजारची कौतिक ओरडली. "महाराजमाच डाकीण शे!"

मी चेल्यांचे हात झटकले आणि लिंबू मागवलं. उपरण्यावर पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळा पडला.

"बघा, डाकीण सरबत पिऊन निघाली," मी म्हणालो. "कापड हळदीत रंगवलंय. हळदीला खार लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की पिवळी. यात ना देव, ना भूत."

महाराज उशी, तांब्या सगळं विसरून पळाले. पळताना एक पाय पापडांच्या खाटेत अडकला. त्याबद्दल अक्कांनी जे शब्द वापरले ते मी छापत नाही.

मग ज्योती बोलली. या वेळी सगळे ऐकत होते.

"मऊ उशीत लेकराचं नाक-तोंड दबतं. सोडलेलाच श्वास ते पुन्हा ओढतं. मान वळवायची त्याला ताकद नसते. म्हणून पाठीवर झोपवायचं, रात्री आणि दिवसाही. बिछाना सपाट, कडक. आईजवळच, पण वेगळा. पालथं घालायचं ते जागेपणी, डोळ्यासमोर."

"मंग लेकरूले काहीच व्हवाव नही?" अक्कांनी विचारलं.

"तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, आई. पण धोका खूप कमी होतो."

मला हे वाक्य फार आवडलं. भोंदू कधी असं बोलत नाही. तो शंभर टक्के हमी देतो आणि लेकरू गेलं की तुमच्या भक्तीत खोट काढतो.

बायाबापड्यांनो, तुमच्या भीतीचा धंदा करणाऱ्याला ओट्यावर चढू देऊ नका. वर्षाचं होईपर्यंत लेकराला पाठीवर झोपवा. उशी, जाड गोधडी, तोंडावरचं कापड, विडीचा धूर, सगळं लांब ठेवा. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, कसं केलं?

ती उशी आता सुंदरअक्कांच्या पाठीशी असते. तिला टेकून त्या पापडांची राखण करतात. परवा एक पाहुणी म्हणाली, "अक्का, पोऱ्याना तोंडवर फडकं तरी टाका."

"नको," अक्का म्हणाल्या. "त्यानं नाक माले आठेतून दिसाले पाहिजे."

आत ज्योतीचं लेकरू सपाट सतरंजीवर उताणं पडून, तोंड उघडं टाकून, घोरत होतं.