तिसरीच्या वर्गातली बारा अंडी

वसंत मेळाव्याला महिना राहिला की मोठ्या सिस्टर शिक्षकांच्या खोलीत वही घेऊन बसायच्या आणि कामं वाटायच्या. शाळा जुनी, कामंही ठरलेली. पहिलीने कागदाची फुलं करायची, दुसरीने गाणं म्हणायचं, पाचवीने कुंपणाच्या भिंतीलगतचे वाफे खणून त्यात बिया पेरायच्या आणि वरच्या वर्गांनी चॅपलचे बाक घासूनपुसून त्यांना मेण लावायचं.

"तिसरी, पिल्लं," सिस्टर वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

तिसरीच्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना कामावर परत येऊन आठवडाच झाला होता. त्याआधी दीड महिना त्या रजेवर होत्या, आणि सगळे त्याला 'बाईंचं आजारपण' म्हणत. आजारपण म्हणजे काय, ते कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना अंदाज होता ते मुद्दाम हवापाण्याच्या गोष्टी करत. पाचवा महिना लागला होता. एके दिवशी दुपारी पोटातली हालचाल थांबली आणि दोन दिवसांनी सगळंच संपलं. घरी सासूबाई म्हणाल्या, "वय आहे अजून, होईल." आईने फोनवर तेच सांगितलं, फक्त जरा रडून.

"पिल्लं म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"उबवणीची पेटी तुमच्याच कपाटात आहे की. दरवर्षी तिसरीवालेच अंडी उबवतात. मेळाव्याच्या दिवशी पालकांना पिल्लं बघायला मिळतात. लहान मुलांची तर नुसती झुंबड उडते."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बाईंनी मान हलवली.

मेळाव्याच्या तीन आठवडे आधीच्या शुक्रवारी स्वयंपाकघरातल्या मावशी बारा अंडी घेऊन वर्गात आल्या. शाळेच्या दोनशे मुलांचं जेवण त्या रांधत आणि मागच्या अंगणात आठ-दहा कोंबड्याही पाळत. अंगाने भरदार, बोलायला रोखठोक. अंडी त्यांनी एप्रनच्या ओच्यात आणली होती आणि एकेक करून ती पेटीत अशी ठेवत होत्या, जणू काचेची भांडी मांडताहेत.

"दिवसातून तीनदा उलटायची. पाण्याची वाटी कोरडी पडू द्यायची नाही. आणि झाकण सारखं उघडायचं नाही," त्यांनी बजावलं.

"बारा पिल्लं येणार," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"बाजारात तुरी," मावशी म्हणाल्या. "आधी येऊ तर देत."

मुलांनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने आकडा घातला आणि दोन-तीन जणांत एक अशी ती वाटून घेतली. सात नंबरचं अंडं आलं शंकासुराकडे. हे एका मुलीचं टोपणनाव. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडात कायम 'का'. रविवारच्या प्रार्थनेत तिने फादरांना विचारलं होतं, की नोहाने तारवात वाळवी घेतली होती का, आणि घेतली असेल तर तारू बुडालं कसं नाही. फादर तेव्हापासून तिला लांबूनच आशीर्वाद देत.

"बाई, अंडी का उलटायची?"

"नाहीतर पिल्लू आत कवचाला चिकटतं."

"कोंबडीला कोण सांगतं?"

"कुणी सांगत नाही. तिला कळतं."

"मग आपल्याला का नाही कळत?"

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण बऱ्याच दिवसांनी हसलो.

शनिवार-रविवारी वर्ग बंद. पण अंड्यांना सुट्टी नसते. बाईंनी शिपायाकडून किल्ली मागून घेतली. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करत. मितभाषी माणूस. रजेच्या काळात त्यांनी घरातलं सगळं केलं होतं, फक्त त्या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं. रविवारी तेही बरोबर आले. लहानशा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि एकेक अंडं दोन बोटांत धरून उलटू लागले.

"अहो, एवढं हळू केलंत तर संध्याकाळ होईल," बाई म्हणाल्या.

"होऊ दे," ते म्हणाले.

सातव्या दिवशी अंडी उजेडावर धरून बघायची असतात. खिडक्यांना काळे कागद लावले, मुलं पेटीभोवती कोंडाळं करून बसली आणि बाईंनी एकेक अंडं टॉर्चवर धरलं. पहिल्यात तांबड्या बारीक शिरांचं जाळं दिसलं आणि मधोमध एक हलणारा ठिपका. सगळ्यांचे श्वास रोखले गेले. मागच्या बाकावरची दंगेखोर जोडगोळीसुद्धा गप्प झाली. सात नंबरमधला ठिपका तर चांगलाच वळवळत होता.

दोन अंडी नुसतीच स्वच्छ पिवळी दिसली. "यात पिल्लू नव्हतंच," बाईंनी सांगितलं. मग अकरा नंबर आला. त्यात शिरा नव्हत्या. रक्ताची एक बारीक गोल रेघ होती, कपात चहा आटल्यावर उरते तशी.

"हे काय?"

"यात होतं. थांबलं."

"का?" शंकासुराने विचारलं.

"माहीत नाही."

"आपण उलटायला विसरलो का? कोणाचं तरी चुकलं असेल ना?"

बाईंनी टॉर्च बंद केला. खिडक्यांचे कागद काढायला सांगितलं, सगळ्यांना वहीत शिरांचं चित्र काढायला लावलं आणि त्या बाहेर व्हरांड्यातल्या नळावर गेल्या. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. हाच प्रश्न त्या दोन महिने स्वतःला विचारत होत्या. त्या आठवड्यात वर्गातलं कपाट सरकवलं होतं. आपण जिन्यावरून घाईने उतरलो होतो. एकदा रात्रीचं जेवण टाळलं होतं.

मावशी भाजीची टोपली घेऊन नळाशी आल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं, टोपली खाली ठेवली.

"किती गेली?"

"दोन रिकामी होती. एक मध्येच थांबलं."

"मग बरंच आहे."

"चूक कुणाची, असं विचारलं मुलांनी."

"चूक कसली त्यात? ऊब तीच, पाणी तेच, एका पेटीत शेजारी शेजारी. माझी कोंबडी एकवीस दिवस जागची हलत नाही, दाण्यापुरती उठते. तरी दोन-तीन जातातच. ती काय चुकते? नाही टिकत एखादं. झालं."

मावशींनी नळाखाली बटाटे चोळायला घेतले. थोड्या वेळाने खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"मुलगी."

दोन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मावशी "बरं" एवढंच म्हणाल्या आणि बटाटे धूत राहिल्या. बाई तिथेच कठड्यावर बसून रडल्या. मावशींनी ना पाठीवरून हात फिरवला, ना गप्प व्हायला सांगितलं. एका वर्गाच्या मुलांना हात धुवायला यायचं होतं, त्यांना मात्र त्यांनी दुसऱ्या नळावर हाकललं.

वर्गात परत आल्यावर बाईंनी शंकासुराला जवळ बोलावलं. "तू विचारलंस ना, कोणाचं चुकलं? मी नीट विचार केला. कोणाचंच नाही."

"नक्की?"

"नक्की."

शंकासुराने वहीत ते लिहून घेतलं.

पुढचे दोन आठवडे शाळा गजबजून गेली. दुसरीचं गाणं सकाळ-दुपार घुमत होतं, इतकं की माळीकाकाही झारी हातात घेऊन तेच गुणगुणत. पाचवीचे वाफे अंकुरांनी हिरवे झाले. चॅपलच्या बाकांना एवढं मेण लागलं, की सकाळच्या प्रार्थनेला बसलेली मुलं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घसरत आणि फादरांना 'आमेन' दोनदा म्हणावं लागे.

शुक्रवारी दुपारी गणिताच्या तासाला चार नंबरने आतून टोचा मारला. गणित तिथेच संपलं. संध्याकाळपर्यंत तीन पिल्लं बाहेर आली होती, ओली, मळकी, आपल्याच पायांत अडखळणारी. शनिवारी सकाळी आणखी तीन. मेळाव्याला आलेले पालक वर्गाच्या दारात दाटीवाटीने उभे होते. एक आजोबा तर काठी टेकत तीनदा आत येऊन गेले. मोठ्या सिस्टर खूश होत्या.

सात नंबरला शुक्रवारी संध्याकाळी बारीक चीर गेली होती. आतून चोचीचं टोक दिसत होतं, आवाजही येत होता. शनिवारी सकाळी चीर तेवढीच राहिली. आवाज मंद झाला होता.

दुपारी दुसरीच्या गाण्याला साथ द्यायला तिसरीच्या मुलांनाही मैदानावर उभं राहायचं होतं. सगळी रांगेत गेली. शंकासुर पेटीसमोरून हलेना.

"मी नाही येत. सात नंबर एकटा राहील."

"तुझी आई बघायला आलीय ना?"

"बघेल नंतर." मग तिने विचारलं, "बाई, आपण फोडून काढूया का त्याला?"

"झाकण उघडलं की आतली ओल जाते. कवच ओढलं तर त्याला रक्त येईल. मी मावशींनाही विचारलं. त्याही नको म्हणाल्या."

"मग आपण काय करायचं?"

"बसायचं."

बाईंनी रांग दुसरीच्या शिक्षिकेच्या स्वाधीन केली आणि त्या मुलीशेजारी बसल्या. मैदानावरून गाणं ऐकू येत होतं, टाळ्या ऐकू येत होत्या. पेटीत सहा पिल्लं एकमेकांना ढकलत होती. गाणं संपता संपता सात नंबरचा आवाज थांबला. दोघींनी आणखी बराच वेळ वाट पाहिली.

"थांबलं," शंकासुर म्हणाली. यावेळी तिने 'का' विचारलं नाही. तिने बाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मेळावा आटोपल्यावर बाई सिस्टरांच्या खोलीत गेल्या. सिस्टर खुर्चीत पाय मोकळे करून बसल्या होत्या.

"सिस्टर, सोमवारी वर्गाबरोबर त्या पिल्लाला पुरायचं आहे. पेटीत शेवटपर्यंत न फुटलेली दोन अंडीही. छोटी प्रार्थना करून."

"कोंबडीच्या पिल्लासाठी प्रार्थना? बाई, पालक काय म्हणतील?" सिस्टर हसल्या. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनी पाय खाली घेतले.

"तुमच्या रजेच्या अर्जाला डॉक्टरांचा कागद होता," त्या हळूच म्हणाल्या. "मी वाचला होता. पिल्लांचं काम दिलं तर तुमचं मन रमेल, असं वाटलं मला. माझं चुकलं का?"

बाईंनी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "चुकलं, सिस्टर. निदान मला विचारायला हवं होतंत. पण आता हे काम मला पुरं करू द्या."

सिस्टरांनी मान खाली घातली. "मला क्षमा करा. सोमवारी मीही येते. चालेल ना?"

सोमवारी पहिल्या तासाला तिसरीचा वर्ग भिंतीलगतच्या वाफ्यांपाशी जमला. माळीकाकांनी हातभर खोल खड्डा खणून ठेवला होता. मावशी ओले हात पुसत आल्या. शंकासुराने पिल्लू स्वतःच्या रुमालात गुंडाळलं होतं. मध्येच तिला काहीतरी आठवलं.

"अकरा नंबरला तर आपण पुरलंच नाही. काकांनी ते कचऱ्याच्या खड्ड्यात टाकलं."

सगळ्यांनी माळीकाकांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली. "तो खतखड्डा आहे, बाळ. त्याचीच माती मी या वाफ्यांत घातली. तोही इथंच आहे."

सिस्टरांनी विचारलं, प्रार्थना कोण करणार. शंकासुर पुढे झाली आणि तिने डोळे घट्ट मिटले.

"देवा, सात नंबर तुझ्याकडे आलाय. तो दोन दिवस खूप प्रयत्न करत होता, त्यामुळे दमला असेल. त्याला आधी झोपू दे. त्याच्याबरोबर आणखी तीन आहेत. त्यांना आम्ही बघितलं नाही, पण ते होते. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. बाईंचे ओठ त्यानंतरही काही क्षण हलत राहिले. मावशींनी ते पाहिलं आणि मुलांना माती लोटायला पुढे घातलं.

त्या संध्याकाळी यजमान दुकानातून आल्यावर बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. पिल्लाचं, नळावरचं, कपाट सरकवल्याचंसुद्धा. ते ऐकत राहिले.

"मला वाटत होतं, बोललो तर तुला जास्त त्रास होईल," ते म्हणाले.

"तुम्ही बोलत नव्हतात, तर मला वाटायचं, तुम्ही मला दोष देताय."

"अगं, तुला कसला दोष?" ते म्हणाले आणि रडू लागले. त्या दिवसापासून आतापर्यंत बाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर दोघं फादरांकडे गेले. असं गेलेल्या बाळासाठी प्रार्थना करता येते का, हे विचारताना यजमानांचे कान लाल झाले होते.

"येते," फादर म्हणाले. "तुम्ही येण्याची वाट न बघता मीच यायला हवं होतं."

चॅपलमध्ये पाच माणसं होती: दोघं नवराबायको, फादर, मोठ्या सिस्टर आणि मागच्या बाकावर, कुणी न बोलावता आलेल्या मावशी. फादरांनी पुस्तक उघडलं, एके ठिकाणी थांबले आणि विचारलं, "इथे नाव घ्यायचं असतं. काय म्हणू?"

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. नावाचं त्यांचं कधी बोलणंच झालं नव्हतं.

"आमची मुलगी," यजमान म्हणाले. "एवढंच म्हणा."

फादरांनी तसं म्हटलं.