तीन जाड अक्षरं

इंग्लंडातल्या हॅस्लिंगडन गावच्या बाजारात मार्था ऑर्मरॉडचा छापखाना होता. नवरा गेल्यापासून खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, तीच जुळवायची आणि छापायचीही तीच. भिंतभर लाकडी खिळ्यांच्या पेट्या. पण तिचा खरा जीव चौकोनी पायांच्या जाड अक्षरांवर. बाकीची अक्षरं नाजूक टाचांवर उभी राहतात, ही मात्र गिरणी कामगारांचे लाकडी बूट घालून उभी असतात, असं ती म्हणायची. पत्रक पावसात भिजो, भिंत ओबडधोबड असो, ती रस्त्यापलीकडून वाचता येतात.

सोमवारी सर्कशीचे मालक सेप्टिमस वूल्स्टनहोम आले. मागे त्यांची छत्री सांभाळत म्हातारा विदूषक पिम.

"बाई, शनिवारच्या खेळाचं पत्रक. एका ओळीत एकच नाव, आणि ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेली. बाजूला नक्षीची फुलं-बिलं नकोत. कागद काय मोकळा सोडायला आणलाय? सगळ्यात वर मी, तळाला पिम. त्याचा हा शेवटचा खेळ. त्याला आता कुणी हसत नाही."

हे पिमच्या देखत. मालक बाहेर पडताच पिम पुटपुटला, "बाई, बारीक छापा, पण छापा. काम सुटलं की रविवारी निराधारांच्या गरीबखान्याची पायरी चढायचीच आहे."

मार्थाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी हुकूम म्हणजे हुकूम. मालकांच्या नावात इंग्रजी अक्षरं वीस. ती एका ओळीत कोंबायला काडीसारखे खिळे लागले. पिमची अक्षरं तीनच; ओळ भरायला तिने सगळ्यात रुंद, बूटवाले खिळे काढले. नक्षीच्या फुलांनी जागा भरायचा मोह नको, म्हणून त्या पेटीवर तिने आधीच कोळशाची टोपली ठेवली होती.

बुधवारी गावभर पत्रकं लागली आणि मालक तणतणत आले.

"माझं नाव मला चष्म्यातूनही दिसेना, आणि हा गाढवावरून पडणारा म्हातारा अख्ख्या गावाला दिसतोय!"

"साहेब, कडेपासून कडेपर्यंत, तुम्हीच म्हणालात."

"दोन फुलं टाकली असती तर हात झिजले असते का?"

"कागद वाया गेला असता ना, साहेब."

शनिवारी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणी कामगार लाकडी बूट आपटत ओरडत होते, "पिम! पिम!" मागच्या बाकावरून मार्था बघत होती. एवढं मोठं छापलं, आणि हा हसवू शकला नाही तर?

पिम आला. गाढव जागचं हलेना. चाळीस वर्षांत पिमच्या नावाने असा गलका झाला नव्हता. गांगरून त्याने टोपी काढली आणि गाढवालाच वाकून नमस्कार केला. गाढवाने टोपी खाल्ली. तंबू हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

सोमवारी मालक पुन्हा दारात. नजर खिळ्यांकडे.

"पुढच्या गावाचं पत्रक. पिम वर घ्या, लोक त्यालाच विचारताहेत. तो राहतोय." मग खाकरून म्हणाले, "आणि बाई, मी नुसता 'वूल्स' झालो, तर कितपत जाड येईन?"

मागे छत्री घेऊन उभा असलेला पिम हळूच पुढे आला.

"बाई, शनिवारच्या खेळाचं एक पत्रक मला द्याल? माझं नाव छापतात असं इतकी वर्षं लोक सांगायचे. माझ्या या अधू डोळ्यांना ते पहिल्यांदाच दिसलं."