पहिल्या रांगेतली खुर्ची

रुपचंदनं मांडवाच्या खांबाची गाठ सोडायला हात वर केला, तोच सविता घरातून बाहेर आली.

"भाऊ, दोरीला हात लावू नका अजून. आधी जेवण."

"ताई, ऊन चढायच्या आत कापड उतरलेलं बरं. दुपारी या लोखंडाला हात लाववत नाही."

"मग संध्याकाळी उतरवा. आज धरणगावात तुमचा दुसरा मांडव नाही, मी चौकशी केलीय."

रुपचंदनं हात खाली घेतला. खरं सांगायचं तर त्याला मांडवाची घाई नव्हतीच. मांडव आणखी दोन दिवस उभा राहिला असता तरी त्याची झोप उडाली नसती. त्याला घाई होती ती एका खुर्चीची. पहिल्या रांगेत, सविताच्या खुर्चीला लागून, ती अजून तशीच होती. पांढरं कव्हर, दोन्ही हातांवरून ताणून बांधलेली सुतळी, आणि त्या सुतळीला गुंडाळलेला कालचा मोगरा, आता पार पिवळा पडलेला. सगळ्यात आधी ती टेम्पोत टाकायची आणि वर चार सतरंज्या लोटायच्या, असं ठरवूनच तो सकाळी आला होता. पण येऊन बघतो तर सविताची सासू द्रौपदाबाई त्या खुर्चीशेजारीच खाट टाकून बसलेली. दहा माणसांच्या गर्दीतून खुर्ची उचलता येते. एकटी म्हातारी टक लावून बसली असेल तर येत नाही.

त्या खुर्चीचा मागचा एक पाय मोडका होता, हे रुपचंदशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

काल सकाळी पाहुणे यायच्या आधी त्यानं पहिली रांग तपासली होती. सगळ्या खुर्च्या ठणठणीत, आणि हिचाच जोड अर्धा सुटलेला. नुसती उभी असली तर शहाण्यासारखी उभी, पण कोणी टेकलं की पाय आत वळायचा. बसणारा मागच्या मागे आडवा, आणि रुपचंदचं नाव त्याच्यासोबत. कारण रुपचंद गावभर सांगत फिरायचा की माझ्या मांडवात मोडका खिळासुद्धा सापडायचा नाही. तर त्यानं घाईघाईनं खुर्चीवर सुतळी बांधली, कोणी बसू नये म्हणून. बदली खुर्ची आणायला वळला, तेवढ्यात वाऱ्यानं बाजूचं कापड फडफडायला लागलं. त्याच्यामागे धावला. मग दोंडाईच्याहून वऱ्हाड आलं, त्यांच्या गाड्या नेमक्या मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, त्या हलवण्यात वेळ गेला. आठवण झाली तेव्हा तो परत आला, आणि सुतळीला फुलं चढलेली.

फुलं चढलेल्या वस्तूला हात कसा लावायचा? तो एका खांबाआड उभा राहिला. तिथून त्यानं बघितलं, आचाऱ्यांचं पहिलं ताट त्या खुर्चीपुढच्या स्टुलावर आलं. बँडवाले नवरीला घेऊन आले आणि खुर्चीसमोर आल्यावर ढोल-ताशा एकदम थांबला, नुसतं क्लॅरनेट हळू वाजत राहिलं. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, लोकांनी फुलं उधळली. सगळं पार पडल्यावर सासरी निघताना सविताची लेक सपना त्या खुर्चीजवळ आली, खाली वाकली आणि तिनं खुर्चीच्या बैठकीवर डोकं टेकवलं. सगळा मांडव रडला. रुपचंदही रडवेला झाला होता, पण कशानं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पोरीनं जरा जास्त भार दिला असता तर?

चिंधाला, म्हणजे सविताच्या नवऱ्याला, जाऊन दोन वर्षं होत आली होती. द्रौपदाबाईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून याला चिंधा नाव ठेवलेलं. चिंधीला कोण दृष्ट लावणार? तो जगला, मोठा झाला, जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम करायचा आणि उन्हाळ्यात लग्नसराई आली की वाढपी म्हणून आचाऱ्यांबरोबर जायचा. हजारो लोकांना त्यानं आग्रह करकरून बट्ट्या वाढल्या असतील. स्वतः जेवायचा सगळ्यात शेवटी, कढईला पाठ टेकवून, गार वरण. आणि घरी आला की सविताला म्हणायचा, आपल्या सपनाच्या लग्नात राबणाऱ्यांची पंगत बसवायची, दुसऱ्या दिवशी, सावकाश, आणि वाढायचं आपण.

तीच ही पंगत होती. मांडवात सतरंज्या अंथरल्या होत्या. बँडवाला झुलाल, आचारी अमृत आणि फुलवाल्या शेवंताबाई आधीच येऊन अवघडून बसल्या होत्या. आयुष्य लग्नांत गेलेली ही माणसं, पण पाहुण्यासारखं बसायची त्यांना सवय नव्हती. अमृत तर दर थोड्या वेळानं स्वयंपाकघराकडे मान वळवायचा.

"अमृतभाऊ, आज तिकडे बघायचं नाही," सविता म्हणाली. "करपलं तरी आमचं करपेल."

"वासावरून तर करपलेलं वाटत नाही, ताई."

"जावयाला करतात ते केलंय. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कटाची झणझणीत रशी."

हे ऐकून झुलाल सरळ होऊन बसला.

जेवणाआधी सविता एक पिशवी घेऊन आली. झुलालला आणि अमृतला टॉवेल-टोपी दिली, शेवंताबाईला साडी. अंगणवाडीत पोरांशी बोलून बोलून तिचं बोलणं स्वच्छ झालं होतं, पण आज शब्द थांबून थांबून येत होते.

"तुम्ही सगळ्यांनी काम चांगलं केलंत, हे तर आहेच. पण त्या खुर्चीचं जे केलंत ना..." ती थांबली. "मला भीती वाटायची. नवरी निघताना बापाची जागा रिकामी दिसेल, लोक चुकचुकतील. ते झालंच नाही. ते तिथेच आहेत असं वाटलं मला. सपनाला पण. रात्री तिचा फोन आला, तर तेच बोलत होती. अमृतभाऊ, पहिलं ताट तुम्ही पाठवलंत."

अमृत टॉवेलची घडी चाचपत म्हणाला, "चिंधा आमच्यातला गडी, ताई. पण पहिल्यानं मला सुचलं असं नाही. फुलं बघितली, तेव्हा कळलं."

"माझंही तसंच," झुलाल म्हणाला. "फुलं बघितली आणि ढोलवाल्याला हात केला."

शेवंताबाई पदर सावरत म्हणाल्या, "फुलं मीच बांधली, पण खुर्ची काही मी राखली नाही. मी आली तेव्हा सुतळी बांधलेलीच होती. मी म्हटलं, नुसती सुतळी कशी दिसेल? चार गजरे गुंडाळले. सुतळी रुपचंदभाऊची."

सगळ्यांनी रुपचंदकडे बघितलं. रुपचंदनं सतरंजीकडे बघितलं.

"ताई, ती खुर्ची..." त्यानं सुरुवात केली.

"नका बोलू," सविता म्हणाली. "केलेलं बोलून दाखवायचा तुमचा स्वभाव नाही."

हे मात्र साफ खोटं होतं. केलेलं तर सोडाच, न केलेलंही चार गावांत सांगायचा त्याचा स्वभाव होता, आणि नेमकं आजच त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. सवितानं पिशवीच्या तळातून एक पांढरं शर्टाचं कापड काढलं. घडीवर दुमड पडून पिवळसर रेघ उमटली होती.

"हे यांच्यासाठी घेऊन ठेवलं होतं. सपनाच्या लग्नात शिवायचं म्हणून. दुसऱ्या कोणाला द्यावंसं वाटलं नाही."

तिनं ते त्याच्या हातात ठेवलं. नको म्हणावं तर तिचं मन मोडतं, घ्यावं तर हात भाजतो. रुपचंदनं घेतलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. जेवण झालं की हिला बाजूला घेऊन सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. मग वाटलं, सांगून तिच्या हाती काय लागणार? मोडकी खुर्ची. मग पुन्हा वाटलं, सांगायलाच पाहिजे. तेवढ्यात ताटं आली.

पोळी रुमालासारखी पातळ होती. सवितानं तिच्यावर तुपाची धार धरली आणि तूप पाझरून ताटभर पसरलं. झुलालनं डोळे मिटून पहिला घास खाल्ला. अमृतनं पोळीची कड बोटानं उलटून बघितली आणि गप्प बसून खायला लागला. आचाऱ्याकडून याहून मोठी पावती मिळत नसते. रुपचंदनंही घास मोडला. तो तोंडापर्यंत जायचा होता, तोच खाट करकरली.

"बठ्ठा जेवाले बसनात," द्रौपदाबाई उठत म्हणाली, "मी काय आठेच पडी ऱ्हाऊ?"

"आई, तुमचं ताट खाटेवर आणते," सविता आतून म्हणाली.

"खाटवर नको. मन्हा गुडघा वाकत नहीत, खाले बसता येत नही. मी आज मन्हा आंडोरनी खुर्चीवर बससू."

लेकाच्या खुर्चीवर आईनं बसायचं, यात कोणाला काय वावगं वाटणार? शेवंताबाईनं उलट हात पुढे करून सुतळीची गाठ सोडायला मदत केली. वाळकी फुलं खाली सांडली. द्रौपदाबाईनं खुर्चीच्या हातावर एक हात टेकला, दुसऱ्या हातानं लुगडं सावरलं आणि ती मागे न बघता, म्हातारी माणसं बसतात तशी, सगळं अंग सोडून बसायला लागली.

रुपचंदचं ताट कलंडलं. आमरसाचा ओघळ सतरंजीवर गेला. तो कसा उठला आणि कसा पोचला ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण म्हातारी टेकायच्या आत तो खुर्चीमागे गुडघ्यांवर होता आणि कव्हरखाली हात घालून त्यानं तो पाय मुठीत धरला होता. भार आला. पाय आत वळायला बघत होता. त्यानं घट्ट धरला, तो तसाच राहिला. म्हातारीचं वजन ते काय असणार, पण त्याच्या मनगटाला चांगलंच कळलं.

"रुपचंदभाऊ," झुलाल हसून म्हणाला, "जेवण सोडून अक्काच्या पाया काय पडतोस?"

"पडू दे त्याले," द्रौपदाबाई म्हणाली. मग मान न वळवता, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं, "तुटेल शे का रे?"

"हाव, अक्का."

"कालदिनबी?"

रुपचंदनं मूठ आणखी आवळली. "कालदिनबी."

समोरच्या स्टुलावर म्हातारीचं ताट आलं. तिनं पोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला, सावकाश चावला. रुपचंद वाट बघत होता. आता ती उठेल, आता मोठ्यानं बोलेल, आणि ते बरोबरच होईल.

"मंग धरी ठेव," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.

सविता तुपाचं भांडं घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"भाऊ, तुम्ही तिथे काय करताय? जेवा ना. आई, त्यांना जेवू द्या."

"तो आठेच जेवी. त्यानं ताट आठेच ली ये."

सवितानं नवं ताट वाढून आणलं. वाकून ते रुपचंदच्या पुढ्यात ठेवलं, आणि ठेवताना तिला कव्हरच्या सुटलेल्या कडेखाली त्याची मूठ दिसली. मुठीत खुर्चीचा पाय, आणि मुठीच्या वर तो उघडा पडलेला, गंजलेला जोड. गंज कालचा नव्हता, हे कोणालाही कळलं असतं. ती जागीच राहिली. तिनं खाली पडलेल्या सुतळीकडे बघितलं, फुलांकडे बघितलं. रुपचंदनं मान वर केली. त्याला म्हणायचं होतं, ताई, ते कापड परत घ्या. ओठ हललेही.

मागे अमृत, झुलाल आणि शेवंताबाई चिंधाच्या आठवणी काढत होते. तो पंगतीत वाढताना 'अजून एक, अजून एक' कसं म्हणायचा, त्याची नक्कल झुलाल करत होता. द्रौपदाबाई ऐकत होती आणि हसत होती. हसताना खुर्ची हलायची, तसा रुपचंदचा हात आवळायचा.

सवितानं हात पुढे केला. खुर्चीचं कव्हर धरून तिनं खाली ओढलं, त्याची मूठ झाकली जाईल इतकं, आणि वरून हात फिरवून चुणी सारखी केली. मग तिनं त्याच्या पोळीवर तूप सोडलं.

"सावकाश जेवा, भाऊ," ती म्हणाली. "मांडवाची घाई नाही."