कर लावा, बरं वाटेल

साहेबांच्या दर्शनाला दप्तरांच्या कारखान्यात इतकी झुंबड उडाली होती, की माणसं शिलाई मशीनवर चढून बसली होती. साहेब म्हणजे देशाचे सर्वोच्च नेते. सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं: आयातकर.

"कारखाना चालत नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही!" गर्दी ओरडली.

"कर लावा! रस्ते खराब? कर लावा! शेजारी देश ऐकत नाही? दुप्पट लावा! भरणार कोण?"

"परदेशी!"

"तुमच्या खिशाला?"

"धक्का नाही!"

मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू? आठ महिन्यांपूर्वी बाहेरच्या स्वस्त दप्तरांवर कर लावा, असा अर्ज आम्हीच सह्या करून पाठवला होता. साहेब पडले दिलदार. त्यांनी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कर लावून टाकला आणि आम्ही आनंदाने नाचलो. आमच्या दप्तरांच्या चेनही बाहेरूनच येतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

नाही, एकीच्या आलं होतं. माझी वहिनी चेन बसवण्याच्या टेबलावर काम करते. "भावजी, आपल्या चेनचं काय?" असं विचारून तिने सही करायला नकार दिला होता. "वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" असं मी शहाण्यासारखं म्हणालो होतो. आता त्या टेबलावरच्या अकरा बायकांना शनिवारपासून घरी बसायला सांगितलं होतं. दादा वर्षभर अंथरुणावर, घर वहिनीच्या पगारावर चाललेलं.

तीच आता उभी राहिली. "साहेब, औषध सुरू होऊन सहा महिने झाले. दुखणं वाढलंय."

साहेब गोड हसले. "ताई, मात्रा कमी पडली. वाढवू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. असले वैदू मी पूर्वीही पाहिलेत, फक्त त्यांच्या दिमतीला सरकारी गाड्या नसायच्या.

वहिनीने एक कागद पुढे केला. "चेनच्या खोक्यांवर बंदरात कर भरला, त्याची ही पावती. भरणाऱ्याचं नाव वाचता का?"

साहेबांना नेमका तेव्हाच चष्मा सापडेना. कागद पहिल्या रांगेत टाळ्या पिटणाऱ्या मालकांकडे गेला.

"माझं नाव आहे," मालक पुटपुटले.

"आणि परदेशी माणसाचं?"

"त्याचं कसं असेल? त्याने पूर्ण किंमत घेऊन माल धाडला. कर भरल्याशिवाय बंदरातून खोकं सुटत नाही, तो मीच भरतो. मग दप्तराची किंमत वाढवतो. बाहेरची दप्तरं महागली तशी आपलीही महागली, आणि लोक जुनीच शिवून वापरायला लागले."

"मग तोटा कशातून भरून काढायचा?"

मालकांची मान खाली गेली. "तुमच्या अकरा पगारांतून."

एवढाच तो चमत्कार. साहेब बोट दाखवत होते परदेशी माणसाकडे, आणि हात होता आमच्या खिशात.

"ही बाई परदेशी हस्तक आहे!" साहेब गरजले. त्यावरही काहींनी टाळ्या वाजवल्या. शनिवारी वहिनी घरी बसली ती बसलीच.

कर लावणं म्हणजे काही पाप नाही. विचार करून, मोजक्या जागी लावला तर उपयोगीही पडतो. पण एकाच पुडीने सगळे रोग बरे होतात, असं कुणीही म्हणालं, मग तो बुवा असो की देशाचा नेता, तर टाळी वाजवण्याआधी विचारा: याचे पैसे कोण भरणार? हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि ज्या वहिनीला सुचलं होतं, तिलाच ते भरावे लागले.