लाल गंज, निळा गंज

नूतनच्या केटरिंगमध्ये पगारी माणूस एकही नव्हता. एक सासू होती, आणि ती चार पगारी माणसांइतकं बोलायची. कांताबाईंचं मत असं, की बल्लारपूरच्या माणसाला हरभरा वाटून वर तिळाची चटणी आणि तेल ओतून खाऊ घालणं म्हणजे त्याला आजारी समजणं. पण वाढदिवसांच्या ऑर्डरी येऊ लागल्या, तसा त्यांचा विरोध चवीपुरता उरला.

हे जेवण नूतन इस्रायलमध्ये शिकली. तिथे ती साराआजीची शुश्रूषा करायला गेली होती. साराआजी मूळची अलिबागकडची, मराठी बोलणारी ज्यू, सून मोरोक्कोकडची. त्यामुळे अंडी टोमॅटोच्या रश्शात शिजायची आणि भांडण मराठीत व्हायचं. आजीने नूतनला शेजारी बसवून जेवू घातलं, धाक मात्र एकच घातला: मटणाची भांडी लाल खुणेची, दुधादह्याची निळ्या. पळीसुद्धा इकडची तिकडे नाही. आजी तर दोन्ही एका जेवणात मांडायचीही नाही. इकडे दह्याशिवाय पंगत उठत नाही, म्हणून नूतनने तो नियम भांड्यांपुरता ठेवला. ती बौद्ध, पंचशीलात पळीबद्दल काही नाही हे तिला ठाऊक होतं, पण हाताला ते कोण सांगणार?

सिंदेवाहीची ऑर्डर घरचीच होती. रामाजीमामांच्या नातीला नोकरी लागली, म्हणून त्यांच्या मुलाने, धम्मदीपने, जेवण ठेवलं होतं. नूतनला नर्सिंगला पाठवावं म्हणून तिच्या बापाशी भांडले होते ते हेच मामा. पाहुणे काय म्हणतील याची नूतनला फारशी फिकीर नव्हती; मामांनी पोटभर जेवावं, एवढंच तिला हवं होतं. तिच्या हातचं हे जेवण त्यांनी अजून चाखलंच नव्हतं.

मामा रिकामं ताट घेऊन चुलीकडे आले, तेवढ्यात वाढणाऱ्या एका पोराने कोंबडीची पळी दह्याच्या गंजाकडे, निळ्या खुणेच्या पातेल्याकडे, नेली. कांताबाई पोरावर कडाडल्या, "हात नको लावू त्याले. ते वेगळं आहे."

मामांनी ताट खाली ठेवलं आणि फाटकाजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

धम्मदीप येऊन सांगून गेला, की बाबा जेवत नाहीत. कारण सांगायची गरजच नव्हती. लहानपणी मामा ज्याच्या शेतावर राबायचे, त्याच्या गोठ्यात त्यांच्यासाठी एक वेगळा पेला खोचलेला असे. त्या पेल्यापायी मामांनी ते गाव सोडलं, ते कायमचं. नूतनने सासूकडे रागाने पाहिलं. कांताबाई म्हणाल्या, मी तर तुझंच शिकवलेलं बोलली. ते खरंच होतं.

नूतन मामांपाशी गेली. ज्यू लोकांचा नियम, त्यामागचं शास्त्र, सगळं तिने सांगितलं. मामांनी ते हेडमास्तरासारखं ऐकून घेतलं.

"ते लोक काऊन करतात ते समजलं," मामा म्हणाले. "तू काऊन करून राह्यली?"

नूतन त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आजी मले आपल्या ताटातला घास द्यायची, मामा. तिची एवढीच गोष्ट मी सांभाळून राह्यली. भांडी दुधासाठी वेगळी आहेत. माणसासाठी वेगळा असा एक पेला माझ्याजवळ नाई."

मामा वकिलासारखे म्हणाले, "अन् मी कोंबडीवर दही मागितलं तं?"

पंगतीत कोण काय कालवतं ते नूतन आजवर पाहत नव्हती, पण आपल्या हाताने असं तिने कधी वाढलं नव्हतं. ती उठली. लाल गंजातली कोंबडी लाल पळीने घेतली, निळ्यातलं दही निळ्या पळीने, पळी कोंबडीला न लावता वरून सोडलं, आणि ताट मामांसमोर धरलं.

"गंजात नाई चालत," ती म्हणाली. "ताट तुमचं आहे."

मामांनी कालवलं, खाल्लं, आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. नात पहिली आली तेव्हाही त्यांनी गणितात गुण कमी पडल्याचंच सांगितलं होतं. मामांची शाबासकी अशीच असते, हे नूतनला पाठ होतं. ताट घेऊन ते मांडवात परतले, पण बसायच्या आधी चुलीकडे वळले.

"विहीणबाई," ते कांताबाईंना म्हणाले, "हात नको लावू असं नका म्हणू पोराले. पळी बदल म्हणा."

सुनेने सांगितलं असतं, तर कांताबाईंनी त्यावर दोन तास वाद घातला असता. व्याह्यांसमोर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि पुढच्या पोराला सांगितलं, "पळी बदल, बाबू."