आधी ट्रक, मग कॉफी

मी एक जुनी ढकलगाडी आहे, मित्रांनो. हॉलंडमधल्या एका गोदामात फुलं वाहते. कारखान्यात माझ्या लोखंडी नळ्या जोडल्या, फळ्या बसवल्या, चाकं लावली, आणि इथे मला विबेकाका मिळाले. ते मला बाबागाडीसारखं हळुवार ढकलत. "हिच्यावर ट्यूलिपची पाकळीसुद्धा हलत नाही," असं सगळ्यांना सांगत. मी फुलून जाई.

मग माझं एक चाक अडकू लागलं. नव्या गाड्या आल्या. मी कोपऱ्यात गेले. माझ्या फळीवर कुणीतरी फाटके हातमोजे टाकले, ते तिथेच राहिले.

कोपऱ्यातून मला सगळं दिसे. दहाची घंटा झाली की जो तो असेल तिथे गाडी सोडून कॉफीला पळे. मधली वाट तुंबे. ट्रक उशिरा निघत. शेवटी दुकानदारांनी बजावलं, मातृदिनाची फुलं उशिरा आली तर पुन्हा तुमच्याकडून घेणार नाही. म्हणजे गोदामाला कुलूपच!

आमची मुकादम फेना म्हणाली, "कॉफी दोन पाळ्यांत पिऊ."

"अर्ध्या माणसांत प्यायची ती कॉफी नव्हे, औषध!" विबेकाका कडाडले.

"मग तुमच्या आईला सुकलेली फुलं द्याल का, काका?"

"नव्वदीची आहे ती. फेकून मारेल!"

सगळे हसले. काका मात्र विचारात पडले. "कॉफी एकत्रच," ते म्हणाले, "पण ट्रक गेल्यावर. आणि गाड्या भिंतीकडेला लावायच्या."

"आणि लांबच्या दुकानाची फुलं आधी, ट्रकात अगदी आत चढवायची," फेना म्हणाली. "म्हणजे वाटेत उपसाउपशी नको."

मातृदिनाच्या आदल्या दिवशी सकाळी गाड्या कमी पडल्या. काकांनी मला ओढून बाहेर काढलं, हातमोजे झटकले, चाकात गुंतलेली दोरी कापली, तेल घातलं. "चल गं, म्हातारे!"

दहाची घंटा झाली. कुणीही हललं नाही. मोकळ्या वाटेने मी गुलाब घेऊन अशी सुटले, की काका धापा टाकत मागे! शेवटचा ट्रक वेळेआधी निघाला आणि गोदामभर टाळ्या घुमल्या. मग सगळे एकत्र कॉफीला बसले. टेबल पुरेना, म्हणून केक माझ्या फळीवर ठेवला. संध्याकाळी दुकानदारांचा फोन आला, फुलं वेळेवर पोहोचली, पुढच्या वर्षीही फुलं तुमचीच!

मित्रांनो, तुमची सायकल किंवा खेळण्यातली गाडी कुरकुरली, तर तिला कोपऱ्यात लोटू नका. जरा खाली वाकून चाक बघा. कदाचित एक दोरीच अडकली असेल.