जांभळ्या झाकणाची नळी

माईला अर्धवट भरलेलं भांडं बघवत नसे, मग ते कुणाचंही असो. लेक जनावरांची डॉक्टर झाली आणि दवाखान्यातलं टेबल माईने ताब्यात घेतलं. रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, झाकणं लावायची. शाळा चार इयत्तांची, पण तोरा असा, की भुंकणारं कुत्रंही तिच्यासमोर शेपूट घाली.

त्या सकाळी शिंप्याने त्याची म्हातारी कुत्री आणली. तीन दिवस उलट्या, अंगात पाणी नाही. जांभळ्या झाकणाची नळी कशीबशी भरली, लाल झाकणाच्या नळीत जेमतेम तळ झाकला. लेक कुत्रीचा पाय दाबून बसली होती. पाठमोऱ्या माईने जांभळीतलं थोडं लालमध्ये ओतलं. एकाच कुत्रीचं रक्त, त्यात काय सोवळंओवळं!

यंत्रातून कागद निघाला. लेकीच्या कपाळाला आठ्या.

"पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम तळाला. आई, जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. ते लालमध्ये गेलं तर असेच खोटे आकडे येतात. तू ओतलंस का काही?"

शिंप्यादेखत पोटच्या पोरीने जाब विचारावा?

"मी काय पाणी घालणारी गवळण वाटले तुला?" माई कडाडली. "डॉक्टर तू, कागद तू वाच. माझ्या हाताला नावं ठेवू नकोस."

शिंपी हसला. "मावशींच्या नादी लागू नका, डॉक्टरीणबाई."

पुन्हा टोचावं तर शीर सापडेना. लेकीने कागद खरा मानून पोटॅशियम उतरवायचं औषध दिलं. उतरवायला मुळात काही नव्हतंच. उलट्यांनी अंगातलं पोटॅशियम आधीच संपत आलं होतं. दुपारी कुत्रीने मान टाकली.

लेकीने जांभळी नळी उजेडात धरली. ती अर्धी होती.

"चूक माझी," ती शिंप्याला म्हणाली. शिंपी कुत्रीला कापडात गुंडाळून निघून गेला.

"अगं, मी ओतलं होतं," माई म्हणाली.

"तुझा आवाज चढला तेव्हाच कळायला हवं होतं मला." लेक रागावली नाही. रागावली असती तर माईला उत्तर तरी देता आलं असतं.

माई तशीच उठून शिंप्याच्या दुकानात गेली. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने मशीन थांबवलं.

"मी हसत होतो की हो तेव्हा, तुमची बाजू घेऊन," तो म्हणाला.

माई उभीच राहिली. बसा असं तो म्हणेना, आणि जा असंही म्हणेना.